जमिनीत न जाणारा करंट

माझ्या बायकोच्या, मैनाच्या गळ्यात गाठ होती. बोराएवढी होती तेव्हा आम्ही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. लिंबाएवढी झाली तेव्हा गावानं दिलं. यंदा ती गावरान आंब्याएवढी झाली आणि मैनाला भाकरीचा घास उतरेना. वरणात कुस्करून, वरून पाणी पिऊन, कसाबसा ढकलायची. उताणं झोपलं की श्वास अडायचा, म्हणून दोन महिने ती भिंतीला टेकून झोपत होती. यवतमाळच्या सर्जन मधुवंती मॅडम म्हणाल्या, गाठ काढावीच लागेल, आणि आता उशीर नको.

बुधवारी संध्याकाळी मैनाला भरती केलं. गुरुवारी सकाळी अकराला ऑपरेशन. भूल देणारे डॉक्टर दुपारी तीनपर्यंतच थांबणार होते आणि त्यांची पुढची तारीख महिन्यानंतरची होती. म्हणजे आज नाही तर महिनाभर पुन्हा भिंत.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. बाभुळगावच्या अलीकडे आमचं गाव. गावात कोणाची विहिरीवरची मोटार बसली, स्टार्टर अडला, की मला बोलावतात. माझ्याकडे परवाना नाही, पण चाळीस वर्षांचे झटके आहेत. गावातल्या बहुतेक स्टार्टरनी मला एकदा तरी उचलून फेकलेलं आहे. खिशात टेस्टर नसेल तर मला सदरा घातल्यासारखं वाटत नाही.

सकाळी सिस्टरनं संमतीचा फॉर्म आणून दिला आणि नातेवाइकांनी वाचून सही करा म्हणाली. मी वाचायला घेतला. मी सावकाश वाचतो, पण एकही शब्द सोडत नाही. चौथ्या ओळीवर थांबलो. शस्त्रक्रियेत विद्युत उपकरणांनी पेशी कापल्या जातील व रक्तवाहिन्या बंद केल्या जातील, असं लिहिलं होतं. ती ओळ मी दोनदा वाचली आणि सिस्टरला विचारलं की गळा करंटनं कापता का. ती म्हणाली, हो काका, कॉटरी म्हणतात, आता सगळीकडे तेच वापरतात, मांडीला एक प्लेट लावतात, काही होत नाही. मी विचारलं, प्लेट म्हणजे अर्थिंग का. तिला दुसऱ्या खोलीत हाक आली होती. जाता जाता ती म्हणाली, तसंच समजा.

पुढचा सगळा घोळ त्या "तसंच समजा"मुळे झाला.

मी रामरावला फोन लावला. रामराव आमच्याच गावचा, लाइनमन म्हणून रिटायर झालेला. मला जे काही येतं ते त्यानंच शिकवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खोकला, आणि म्हणाला, "घनश्याम, ऑपरेशनचं मंग पाह्यजो. पयले अर्थिंग पाह्य."

मी फॉर्म मैनाच्या खाटेवर ठेवला आणि अर्थिंग शोधायला निघालो. दवाखान्याच्या मागे, जनरेटरच्या बाजूला अर्थिंगचा खड्डा सापडला. झाकण फुटलेलं, आत पालापाचोळा आणि गुटख्याच्या पुड्या. हात घालून पाहिला तर माती चुलीतल्या राखेसारखी कोरडी. आमच्याकडे मोटार कुरकुरली की पहिलं काम म्हणजे खड्ड्यात मीठ आणि पाणी टाकणं. समोरच्या दुकानातून दोन किलो खडेमीठ आणलं, कपडे धुणाऱ्या मावशीची बादली घेतली आणि पाणी ओतू लागलो.

मावशीनं थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "काय लावून राह्यले, काका?"

"करंट," मी म्हटलं.

ती बादली परत मागायची थांबली.

मी वर आलो तेव्हा मधुवंती मॅडम मैनाच्या खाटेशी होत्या. अर्थिंग ठीक केल्याचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मनापासून आभार मानले, खड्ड्याकडे वर्षभरात कोणी पाहिलं नव्हतं म्हणाल्या. इथवर सगळं चांगलं चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, पण काका, आमच्या मशीनचा करंट जमिनीत जात नाही. तो पेनासारख्या एका काडीतून अंगात येतो, मांडीच्या प्लेटमधून बाहेर पडतो आणि वायरीनं मशीनमध्येच परत जातो.

मी विचारलं, मग जमिनीत काय जातं?

काहीच नाही, त्या म्हणाल्या. जाऊ नये यासाठीच तर सगळी खटपट.

मी पुन्हा रामरावला फोन लावला. त्यानं मला ते दोनदा सांगायला लावलं. शेवटी म्हणाला, "मंग तो करंट नाई. दुसरंच काहीतरी हाये."

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी मला समजावलं. गळ्यात शिरांचं जाळं असतं. पूर्वी एकेक शीर दोऱ्यानं बांधत बसावं लागे आणि तोवर रक्त जाई. आता एक चिमटा असतो. त्यात शीर धरायची, चिमट्याच्या दोन पात्यांमध्ये करंट सोडायचा, शिरेच्या भिंती वितळून एकमेकींना चिकटतात, मग मधून कापायची. काकूंच्या अंगात रक्त आधीच कमी आहे, म्हणून त्यांना तर हेच बरं. मला सगळं समजलं. विश्वास मात्र कशावरच बसला नाही. करंट इकडून आला आणि जमिनीत न जाता तिकडून गेला, हे मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि तो जाणार होता मैनाच्या गळ्यातून.

मैना हिरवा गाऊन घालून उशीला टेकून बसली होती. आदल्या रात्रीपासून पाणीही नव्हतं घेतलं. ती माझ्याकडे बघत होती. ते बघणं मला सोसवेना, म्हणून मी शेवटचं बोललो.

"मॅडम, एवढं सोपं हाये तं आधी मले लावून दाखवा."

आमच्या गावात असं म्हटलं की वाद संपतो. समोरचा उठून जातो. मॅडम पुढे आल्या, त्यांनी माझी हनुवटी दोन बोटांनी वळवली आणि कानाखालच्या चामखिळीकडे पाहिलं.

"किती वर्षांची आहे ही?"

"असंन वीस."

"याच मशीननं काढतो आम्ही. दहा मिनिटं. चला."

मैना कित्येक दिवसांनी हसली. "काढा मॅडम," ती म्हणाली. "रोज दाढी करताना कापतेत अन् रगत माह्या टॉवेलले पुसतेत."

मग माझा केसपेपर निघाला. माझा रक्तदाब मोजला, तो माझ्या स्वभावाइतकाच चढा निघाला, पण चालेल म्हणाले. सिस्टरनं अंगावरच्या सगळ्या धातूच्या वस्तू काढायला सांगितल्या. करंट धातूला लागून भाजू शकतं, हे मला पटलं. टेस्टर दिला, अंगठी दिली. कंबरेच्या चांदीच्या करदोड्यावर अडलो. करदोडा माणूस मेल्यावरच काढतात, असं माझी आई सांगायची.

"काल म्या मंगळसूत्र काढलं तवा काय म्हणले होते तुमी?" मैनानं विचारलं. "वस्तू हाये म्हणे. घडीभर ठेव म्हणे."

मी करदोडा काढून तिच्या हातात दिला आणि पाठीमागे नाड्या असलेला गाऊन सावरत आत गेलो.

आत थंडी होती. टेबलावर झोपल्यावर मोठे दिवे दिसतात आणि माणूस लहान होतो. मशीन किराणा दुकानातल्या वजनकाट्याएवढं. मला वाटलं होतं गावातल्या डीपीच्या लोखंडी पेटीएवढं तरी असेल. तिथल्या मदतनीस मामांनी तळहाताएवढी चिकट प्लेट माझ्या मांडीला लावली. मॅडमनी बटण दाबलं तसं मशीनवर लाल दिवा लागला आणि ते टीं टीं करू लागलं.

मी डोळे मिटले. मला वाटलं, लागला.

प्लेट नीट बसली नाही, मॅडम म्हणाल्या, मांडीवर केस फार आहेत. मामांनी वस्तरा आणला आणि एक चौकोन भादरला. पुन्हा प्लेट लावली. पुन्हा टीं टीं. एक कोपरा उचलला गेला होता. मामांनी आणखी भादरलं.

तेव्हा मी उठून बसलो. म्हटलं, मॅडम, म्हणजे प्लेट सैल असली तर हे चालूच होत नाही?

नाही, त्या म्हणाल्या.

जबरदस्ती केली तरी?

तरी नाही.

आत जाड तार टाकली तर?

हे त्यांना कळलं नाही. मग मी सांगितलं, की आमच्याकडे फ्यूज सारखा उडतो म्हणून आम्ही त्यात जाड तार टाकतो. मग फ्यूज उडत नाही, मोटार जळते. ही युक्ती रामरावची. माझ्या हाताखालून शेकडो मशीनं गेली. सैल असली तरी चालली, ओली असली तरी चालली, धूर निघाला तरी चालली. जोडणी बरोबर नाही म्हणून चालणार नाही, असं तोंडावर सांगणारं मशीन मला पहिल्यांदाच भेटत होतं.

तिसऱ्यांदा प्लेट लावली आणि मशीन गप्प बसलं. मॅडमनी कानाखाली सुई दिली. दुखलं ते तेवढंच. मग बारीक गुणगुण झाली, केस जळल्यासारखा वास आला आणि झालं. लाइट जाईल अशी माझी खात्री होती. आयुष्यात पहिल्यांदा ती नको तेव्हा गेली नाही.

मी मॅडमना विनंती केली, की कोपरा एकदा उचलून दाखवा. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, बारा वाजून गेले होते, पण उचलला. टीं टीं. पुन्हा एकदा, मी म्हटलं. मामा म्हणाले, उतरा आता. त्यांनी प्लेट एका झटक्यात ओढली आणि वस्तऱ्यातून वाचलेले केसही गेले.

कानाखाली पट्टी लावून मी ताठ मानेनं बाहेर आलो आणि सिस्टरला म्हटलं, आणा फॉर्म, सही करतो.

सही झाली काका, ती म्हणाली.

तिनं फॉर्म दाखवला. खाली पहिली जागा रुग्णाची होती. तिथं मैना घनश्याम भोयर असं गोल, टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. आम्ही दोघं पन्नाशी उलटल्यावर साक्षरता वर्गाला एकाच सतरंजीवर बसलो होतो. तिचं अक्षर तेव्हापासून माझ्यापेक्षा चांगलं, यात शिकवणाऱ्या बाईंचा पक्षपात होता असं माझं मत आहे. नवऱ्याची जागा त्या फॉर्मवर दुसरी होती, साक्षीदाराची.

मी मैनाकडे गेलो. विचारलं, सही कधी केली.

"तुमी मीठ आणाले गेलते तवा," ती म्हणाली. "सारा वाचला. तुमी चौथ्या ओळीवरच उठले. खाली सारं लिहेल हाये, प्लेटीचं बी."

"मंग मले काहून झोपवलं तिथं?"

"तुमचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी आत असती अन् तुमी मेन स्विच पाडला असता. मॅडमले म्याच म्हणलं, आधी यायले दाखवा, मंग मले न्या." मग ती माझ्या पट्टीकडे बघून म्हणाली, "गळा माहा, सही माही. चामखीळ तं फुकटची गेली."

मी साक्षीदाराच्या जागी सही केली. साडेबाराला तिला आत नेलं. दार बंद होताना तिनं मान वळवली नाही. मीच दार बंद झाल्यावरही हात वर धरून उभा होतो.

बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारच्या माणसानं माझी पट्टी पाहून विचारलं, कोणाचं ऑपरेशन. मी म्हटलं, दोघांचं. तो थोडा सरकून बसला. मेन स्विचचा बोर्ड समोरच्याच भिंतीवर होता. मी उठून दुसऱ्या बाकावर, त्याच्याकडे पाठ करून बसलो. आतून आवाज येत नव्हता. मधूनच टीं टीं ऐकू येतं का, म्हणून मी कान लावत होतो. मशीन नाही म्हणालं तर निदान कळेल. ते एकदाही म्हणालं नाही.

तीनला थोडा वेळ असताना मॅडम बाहेर आल्या. गाठ निघाली, रक्त अगदी थोडं गेलं, आवाजाची शीर सुखरूप आहे म्हणाल्या. मी नमस्कार करायला वाकलो तर गाऊनच्या नाड्या आठवल्या. मी तो अजून बदललाच नव्हता.

संध्याकाळी सहाला सिस्टरनं मैनाला बसवलं आणि ग्लासात दोन बोटं पाणी दिलं. गळ्याला पांढरी पट्टी होती आणि पट्टीखालचा फुगा गेला होता. मैनानं ग्लास ओठाला लावला. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. घोट गेला. सरळ खाली गेला.

"असे काय पाहून राह्यले?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला. "अजून आना."