नाव लिहून दाखव

पंचफुलेला पाहायला लाखांदूरजवळच्या तिच्या गावी दोनदा पाहुणे येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा घोडं एकाच ठिकाणी अडलं. चहा-पोहे झाले की कोणीतरी कागद पुढे सरकवणार, नाव लिहून दाखव म्हणून. मग मॅट्रिक पास झालेली ही मुलगी उजव्या हाताने असं काही खरडायची, की बापाने शिक्षणाची थापच मारली असं पाहुण्यांना वाटावं. ती होती डावरी. आणि डावरी सून म्हणजे पंगतीत डाव्या हाताने वाढणारी, तेव्हा हे लपलंच पाहिजे, असा आई धुरपताचा हुकूम.

त्यात यादोराव मामाने सुबक अक्षराचं वेड लावलं. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथल्या नाटकांचे फलक मामा रंगवायचा. दिवाळीला आला तो तिला एक बोरू आणि शाईची दौत देऊन गेला. पण मामाने तासलेली तिरपी धार तिच्या डाव्या हातात भलतीच पडे. जाड हवं तिथे बारीक, बारीक हवं तिथे जाड. वर मनगट ओल्या शाईवरून फिरून सगळा चिखल करी. मामा म्हणाला, उजव्याने शीक नाहीतर सोड. तिला दोन्ही जमेना. धान कापताना तेच डोक्यात, भाकर थापताना तेच. शेवटी तिनेच चाकू घेऊन धार जवळजवळ सरळ कापली, कागद कलता ठेवला, हात ओळीच्या खालून चालवला. अक्षर उतरलं, तेव्हा तिला हसूच आवरेना.

मग देवाजी सोयऱ्यांनी थेट सिहोऱ्याचं स्थळ आणलं. मुलगा हिरालाल मान खाली घालून बसला होता, सगळी मदार त्याच्या आईवर, कुंताबाईंवर. "उजव्यानंच लिवजो," असं धुरपताने आत बजावलं होतं. पंचफुलेलाही हे घर हवं होतं. नकाराचा तिला वीट आला होता, पण त्या खरडण्याचा त्याहून जास्त.

कागद पुढे आला. ती उठली, आतून बोरू आणि दौत आणली आणि डाव्या हाताने ठसठशीत नाव लिहिलं. कुठे डाग नाही. धुरपता पांढरीफटक पडली.

कुंताबाई कागदाकडे पाहतच राहिल्या. त्यांचा जन्म अंगठा उठवण्यात गेलेला. मग हळूच म्हणाल्या, "माहं नाव लिवता येईन का तुले?"

पंचफुलेने दुसऱ्या कागदावर लिहिलं. कुंताबाईंनी एकेक अक्षर कोणतं ते विचारून घेतलं, शाई वाळेपर्यंत लेकालाही हात लावू दिला नाही आणि कागद जपून पिशवीत ठेवला. पंचफुलेला वाटलं, जमलं. त्या रात्री आनंदाने तिला झोप आली नाही.

आठवडी बाजाराला देवाजींनी निरोप आणला. पोरगी गुणाची आहे, पण डावरी सून चालत नाही.

धुरपताने कपाळ बडवून घेतलं. पंचफुला आधी रडली, मग संतापली. देवाजींना म्हणाली, "म्या लिवलेला कागद वापस द्या म्हनाव."

देवाजी सिहोऱ्याला जाऊन हात हलवत परत आले. कुंताबाईंनी म्हणे कागदाला चौकट करून तो देवांच्या फोटोंशेजारी टांगला होता आणि काढायला साफ नकार दिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून त्या आपलं नाव दाखवत होत्या. कोणत्या हाताने लिहिलंय, तेवढं मात्र सांगत नव्हत्या.