हेदरस्टोचा हौद

मिस गॅरोने लोकरीचे मोजे झटकले, जोडी जुळवली आणि ट्रंकेच्या कोपऱ्यात सारली. मग जर्सी घेतली. गळ्याच्या आतल्या बाजूला नावाची पट्टी शिवलेली होती : जे. डेनिसन. टाके बारीक होते, घरी कुणीतरी दिव्याखाली बसून घातलेले. जर्सीची घडी तिच्याकडून नीट पडेना. तिने ती मोडली आणि पुन्हा घातली.

खाली बर्फातून मोटार आली. मेजर डेनिसन उतरले. त्यांच्या पत्नी, डेनिसन बाई, मात्र आतच बसून राहिल्या.

त्यांचा मुलगा ज्युलियन मंगळवारी वारला होता. दहा वर्षांचा. त्याआधीच्या आठवड्यात तो सकाळी तिच्यासमोर आला तेव्हा त्याचे गाल लाल होते आणि अंग भाजत होतं. हेदरस्टोच्या निवासी शाळेत न्याहारीआधी सगळ्या मुलांनी थंड पाण्याच्या हौदात बुडी मारायची असा नियम होता. बर्फ धरला तर बांबूने फोडायचा. मुलांच्या दुखण्याखुपण्याकडे बघणारी मेट्रन म्हणून मिस गॅरो हेडमास्तरांकडे गेली होती.

"डेनिसनला ताप आहे, सर. आज त्याला राहू द्या."

"मेट्रन," मिस्टर क्रूडसन हसून म्हणाले होते, "पंचाहत्तर वर्षं पोरं त्या हौदात उतरताहेत. एकही विरघळला नाही अजून."

संध्याकाळपर्यंत ज्युलियनला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. रस्ते बंद होते. डॉक्टर पोचले तोवर दोन्ही फुप्फुसं भरली होती.

ट्रंक बंद करून ती दिवाणखान्यात निरोप द्यायला गेली. मेजर ताठ बसले होते, चहाला हात न लावता. टेबलावर शाळेच्या इतिहासाचे छपाईआधी तपासायचे कागद पसरलेले होते. शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून मिस्टर क्रूडसन पुस्तक काढत होते. शाळा त्यांच्या आजोबांनी काढली, हौदही त्यांनीच बांधला, आणि त्या हौदावर एक अख्खं प्रकरण होतं. त्यात एक आठवण मेजरांचीच होती. तेही इथलेच विद्यार्थी.

"ज्युलियनबद्दल चार ओळी घालतोय," हेडमास्तर म्हणत होते. "अल्पशा आजाराने, असं. तुमची हरकत नसेल तर."

"नाही."

"मेट्रन, मेजरसाहेबांना त्याची झोपायची खोली दाखवा."

जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. मिस गॅरो वळणावर थांबली. आज बोलले नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे तिला कळत होतं.

"त्याला ताप होता, मेजर. मी सांगितलं होतं. तरी त्याला हौदात उतरवलं."

मेजरांचा हात कठड्यावर होता. तो तिथेच राहिला.

"कळलं," ते म्हणाले.

खोलीत गेल्यावर ते ज्युलियनच्या पलंगाजवळ उभे राहिले. गादी गुंडाळून ठेवली होती. उघड्या पट्ट्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"मी त्या खिडकीखाली झोपायचो," ते म्हणाले. "मलाही एकदा ताप असताना उतरवलं होतं. मी वाचलो." बोट उचलून ते म्हणाले, "तो नाजूकच होता. आईवर गेला होता."

मिस गॅरोला वाटलं होतं हा माणूस रागावेल, निदान खाली जाऊन हेडमास्तरांना जाब विचारेल. ते खाली गेले तेव्हा ती मागोमाग होती. मिस्टर क्रूडसन उठून उभे राहिले.

"धाकट्याची जागा मी धरून ठेवलीय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पण घाई नाही. तुम्ही दोघं विचार करा."

"टोबी सप्टेंबरात येईल," मेजर म्हणाले. "ठरलंय तसं."

नोकर ट्रंक मोटारीकडे नेत होता. मिस गॅरो त्याच्याबरोबर बाहेर गेली. बाईंनी काच खाली केली. त्यांचे ओठ निळसर पडले होते.

"शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

"मी होते."

"काही म्हणाला?"

"थंडी वाजतेय म्हणाला. मी आणखी एक ब्लँकेट घातलं. मग झोपला."

बाईंनी मान हलवली. दारातून नवरा येताना दिसला तसं त्या घाईने म्हणाल्या, "टोबीचं पक्कं केलं ना त्यांनी? घरी माझं कोण ऐकतंय. तुम्ही असाल ना इथे?"

मिस गॅरोने त्याच सकाळी राजीनामा दिला होता. समुद्रकाठच्या टॉर्की गावात बहिणीने तिच्यासाठी खोलीही रिकामी करून ठेवली होती.

"असेन," ती म्हणाली.

मोटार गेल्यावर ती राजीनामा परत घ्यायला गेली. मिस्टर क्रूडसननी तो काढून दिला. त्या आठवड्यात डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून कबूल करून घेतली : मेट्रनने ताप आहे म्हटलं, तर त्या मुलाला हौदात उतरवायचं नाही. हेडमास्तरांनी ते मान्य केलं. इतिहासाच्या पुस्तकात या नियमाचा उल्लेख आला नाही. चार ओळी आल्या.

सप्टेंबरात टोबी आला. आठ वर्षांचा, गुटगुटीत, गालांवर तपकिरी ठिपके. पहिल्या सकाळी मुलं टॉवेल घेऊन रांगेत उभी राहिली तेव्हा मिस गॅरोने त्याला बाहेर काढलं.

"डेनिसनला ताप आहे."

दुसऱ्या दिवशीही होता. आठवडाभर होता. मिस्टर क्रूडसन एकदा तिच्याकडे बघत उभे राहिले, काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. मुलं बोलली. ती टोबीला 'तापू' म्हणू लागली. त्याच्या उशीखाली ओले टॉवेल सापडू लागले. खेळात त्याला कुणी घेईना. जेवताना त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

ऑक्टोबरात एका सकाळी तो रांगेतून हललाच नाही.

"मला बरं वाटतंय, मेट्रन."

"नाही वाटत."

"बाबांनी सांगितलंय, उतरायचंच. दादा उतरला होता."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. टोबीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नजर त्याने खाली केली नाही. त्या नजरेत निव्वळ द्वेष होता. या शाळेत तो इतका द्वेष दुसऱ्या कुणाचाच करत नव्हता.

मिस गॅरोने त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं.

"ताप आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातला टॉवेल काढून घेतला.