तीन सूत बाहेर

मी ओळंबा बोलतोय. दोरीच्या टोकाला लोंबणारा लोखंडी गोळा. भिंत उभी आहे की कललेली, हे सांगणं माझं काम. आयुष्यात मला सरळ भिंती थोड्या भेटल्या आणि सरळ माणसं त्याहून थोडी. त्यामुळे तुम्हा लोकांविषयी माझं मत काही फार चांगलं नाही, आणि ते लपवायची मला गरजही वाटत नाही.

माझ्यासोबत एक लाकडी ठोकळा असतो, बरोबर माझ्याच जाडीचा. तो वर भिंतीला टेकवायचा, त्यातून दोरी सोडायची. खाली मी भिंतीला जेमतेम शिवलो, की भिंत सरळ. इतकं सोपं काम, पण एक डोळा मिटून "चालतंय" म्हणणारे गवंडी मी ढिगाने पाहिलेत. तो शब्द ऐकला की माझा तिळपापड होतो.

माझा मालक एक म्हातारा मिस्त्री. चर्चच्या मंडळीतला जुना, भाविक माणूस. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्याने जावयाला हाताशी धरलं. जावई म्हणजे नुसती घाई. हात चांगला, पण विटेवर वीट चढली की लगेच कौतुक हवं. आणि म्हातारा त्याला "जावईबापू, तुम्ही" करत बसायचा. त्याच्या जागी मी असतो तर दोरीसकट जावयाच्या पायावर आदळलो असतो.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी दोघं फळीवर बसायचे. म्हातारा शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, चार ओळींचा उतारा जावयाकडून वाचून घ्यायचा, प्रार्थना करायचा आणि मग विचारायचा, "काल आपलं कुठं चुकलं?" आधी स्वतःच सांगायचा. "काल चर्चचे पाळक मागे उभे होते, म्हणून मी आमेन जरा जोरात म्हटलं." किंवा, "बायको दोनदा हाक मारत होती, ऐकून न ऐकल्यासारखं केलं." ह्या असल्या फुटकळ गोष्टी! जावयाचं उत्तर मात्र ठरलेलं. "माझं काही नाही मामा, सगळं ठीक." मला दोघांचीही कीव यायची. एक पोरकट, दुसरा खोटारडा.

त्या वर्षी चर्चच्या आवारात मुलांच्या रविवारच्या शाळेसाठी खोली बांधायचं काम म्हाताऱ्याकडे आलं. रविवारी पाळक सगळ्यांसमोर छप्पर घालायची तारीख सांगणार होते. जावयाने घाईघाईत मागची भिंत चढवली. दर दोन थरांनी मला सोडायचं, हा नियम. पठ्ठ्याने नजरेनेच काम रेटलं. शेवटी मला सोडलं तेव्हा भिंतीचा माथा तीन सूत बाहेर आलेला. म्हणजे बोटाच्या अर्ध्या जाडीहून जास्त. मी भिंतीपासून दूर, हवेत लोंबत होतो.

त्याने काय केलं असेल? ठोकळाच घासला. कानस घेतली आणि एका बाजूने तीन सूत पातळ केला. दोरी भिंतीजवळ सरकली आणि मी गुमान भिंतीला शिवलो. मला, ओळंब्याला, खोटी साक्ष द्यायला लावली! म्हाताऱ्याने ठोकळा हातात घेतला, अंगठा फिरवला, जरा थांबला आणि म्हणाला, "बरं आहे." मी मनात म्हटलं, झालं, हाही त्यातलाच.

दुसऱ्या दिवशी फळीवर उतारा वाचून झाला.

"काल मी चुकलो," म्हातारा म्हणाला. "ठोकळा पातळ आहे हे अंगठ्याला कळलं होतं. तरी भिंत पास केली. मंडळीसमोर मान खाली जाईल, पोरीच्या घरात वाईटपणा येईल, ह्याची भीती वाटली. देवाकडे माफी मागितली, आता तुमच्याकडे मागतो."

जावयाचा चेहरा उतरला. तो नखातलं सिमेंट उकरत बसला.

"मामा, मीच घासला," शेवटी तो म्हणाला. "आता काय करायचं?"

"पाडायची."

"आणि पाळकांना काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंत तेच. मी बरोबर येतो. पण बोलायचं तुम्ही."

रविवारी जावई सगळ्या मंडळीसमोर उभा राहिला आणि बोलला. आवाज इतका बारीक निघाला, की मागच्या बाकावरून कोणीतरी "मोठ्याने!" असं ओरडलं. त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. म्हातारा शेजारी उभा होता. मला वाटलं, चार दिवसांचं नाटक आहे.

भिंत उतरवली, नवा ठोकळा कापला, पुन्हा काम सुरू झालं. म्हाताऱ्याला एव्हाना जवळपास दिसेनासं झालं होतं. एका दुपारी तो घरी होता आणि जावई एकटाच भिंतीपाशी. त्याने मला सोडलं. मी भिंतीपासून अर्धं सूत सुटलो. अर्धं सूत! गिलाव्याखाली सहज गेलं असतं. कोणाला कळणार होतं? मी माझ्या नेहमीच्या तुच्छतेने वाट पाहत राहिलो, की आता "चालतंय" येईल.

त्याने थापी उचलली आणि वरचे दोन थर काढायला घेतले. ना कोणी पाहत होतं, ना कोणी विचारलं होतं.

आज मी जावयाच्याच पिशवीत आहे, गंजलेला. म्हातारा देवाघरी गेला. एक विनंती करतो. कुणी सरळपणाचा दाखला म्हणून माझ्याकडे बोट दाखवू नका. माझ्या वजनाने मी सरळ लोंबतो, दुसरं काही मला जमतच नाही. जावयाला वाकडं वागणं चांगलं जमत होतं, तरी त्याने ते दोन थर काढले.