गोल टेबल आणि चौथी खुर्ची

सकाळचा उजेड या खोलीत घाईने येत नाही. आधी तो खिडकीच्या गजांवर थबकतो, मग भिंतीवरून उतरत पुस्तकांच्या पाठींवर येतो, धुळीचे कण हलकेच उचलून धरतो आणि सावकाश माझ्या काठावर टेकतो. पलीकडच्या काठाशी पोहोचायला त्याला अर्धी सकाळ लागते. तेवढा वेळ मला तिची आठवण येते.

मित्रांनो, मी एक जुने गोल टेबल आहे. मला घडवणारा सुतार हसून म्हणाला होता, "याला ना वरचं टोक, ना खालचं. मानापमानाची कटकटच नको!" त्याच गुणासाठी प्राध्यापकांनी मला घरी आणले. दर रविवारी माझ्याभोवती चौघे जमत: प्राध्यापक, त्यांचे वकील मेहुणे, एक विद्यार्थी, आणि छापखान्यात मुद्रिते तपासणारी ती. ते चिकित्सक सिद्धान्ताचे ग्रंथ वाचत. जग आहे तसेच असणार, ही समजूत कोण घडवते, तिचा लाभ कोणाला होतो, ती मोडावी कशी, असे विचारणारा तो विचार. "सत्ता केवळ दरबारात नसते, ती आपल्या बोलण्यातही असते!" प्राध्यापक माझ्यावर मूठ आपटून सांगत. मला केवढा अभिमान वाटे!

मग ती बोलू लागे. "मला वाटतं, आमच्या छापखान्यात..."

"अहो ताई, छापखाना राहू द्या, मुद्द्यावर या," वकील म्हणत.

"मुद्दाच सांगतेय. तिथे आम्ही दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करतो, पण..."

"वा! म्हणजे हिला म्हणायचंय की," प्राध्यापक कौतुकाने सुरू करीत, आणि तिला काय म्हणायचे आहे ते चहा निवेपर्यंत सांगत. विद्यार्थी ते टिपून घेई. तिचा अंगठा माझ्या काठावरून नुसता फिरत राही.

एका रविवारी ती आली नाही. पुढेही नाही.

"संसार लागला असेल मागे," वकील म्हणाले. "चहा टाका रे कुणीतरी. ताई नाहीत म्हणजे पंचाईतच!"

"हा विचार पेलणं सोपं नसतं," प्राध्यापकांनी उसासा टाकला.

तेव्हा मीही तेच खरे मानले. कालांतराने बैठका थांबल्या. माझ्यावर रद्दी साचली, एक पाय डुगडुगू लागला. मित्रांनो, तो पाय दुरुस्त केला नाहीत तरी चालेल. चौथी खुर्ची मात्र ओढून ठेवा. तिच्या त्या "पण"च्या पुढचे मला अजून ऐकायचे आहे.

रिकाम्या खोलीत ते रविवार पुन्हा पुन्हा आठवताना मला उमगले, ती संसारामुळे थांबली नव्हती. माझ्याभोवती तिला एकही वाक्य कोणी पुरे करू दिले नव्हते.