तबल्याशेजारचा डावा बूट

मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा, आयरिश नाचाचा. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा सुस्कारे टाकतात. मी टाकणार नाही. माझं काम आवाज करायचं आहे आणि ते मी अजून चोख करतो.

काळं जाड चामडं, टाचेला आणि चवड्याखाली फायबरग्लासचे टणक ठोकळे, घोट्याजवळ एक पट्टा, असा मी घडलो. या नाचात हात अंगाशी सरळ ठेवायचे असतात. जे काय बोलायचं ते आम्ही दोघा बुटांनी जमिनीवर बोलायचं. माझ्या पहिल्या मालकिणीचा पाय वाढला आणि मी अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका नाचाच्या वर्गात, जुन्या बुटांच्या खोक्यात येऊन पडलो. तिथे मला अंतरा भेटली.

तिच्या आईने, सुचित्राने, आधी दुसराच ऐसपैस जोड उचलला होता. "वाढतं अंग आहे. पुढे कापूस भरू, दोन वर्षं निघतील."

अंतराने तो घालून उडी मारली. "आई, आधी मी खाली येते, मग शूज येतात!"

शिकवणाऱ्या मोरीनबाई हसल्या आणि त्यांनी आम्हाला पुढे केलं. बोटं टोकाला टेकली, पण दुमडली नाहीत. टाच हलली नाही. नाचाचा बूट आजच्या पायाला घ्यायचा असतो, पुढच्या वर्षीच्या नव्हे.

आम्ही खूप नाचलो. "आवाज असा स्वच्छ हवा," असं मोरीनबाई इतर मुलींना सांगायच्या. आणि घरी? घरी नियम होता, चपला-बूट गराजमध्ये. घामाने ओले झालेले आम्ही पिशवीतच, बर्फाच्या फावड्याशेजारी पडून राहायचो. मिशिगनचा जानेवारी तो! ओलं चामडं आखडलं, ताठलं आणि जिथे चवडा वाकतो तिथेच मला भेग पडली.

मोरीनबाईंनी ती अंगठ्याने चाचपली. "हे असेच गारठत राहिले तर शनिवारच्या स्पर्धेत तुझी बोटं बाहेर येतील. नवे घे."

"नो. हे माझ्या पायाचे झालेत," अंतरा म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने आम्हाला थेट दिवाणखान्यात आणलं आणि बाबांच्या तबल्याशेजारी ठेवलं. बाबा, म्हणजे चारुदत्त, तबला पुसत बसले होते.

"अंतरा, शूज? समोर देव्हारा आहे!" सुचित्रा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"मग तबला गराजमध्ये ठेवू या."

"वेडी का तू?" बाबा म्हणाले. "या थंडीत पुडी फाटेल. चामडं आहे ते."

"एक्झॅक्टली, बाबा."

बाबांचा हात थांबला.

"तबल्याला कुणी पाय लावत नाही," सुचित्राने सुनावलं.

"आणि तुझे घुंगरू? ते काय कानात घालायचीस? कपाटात सिल्कमध्ये गुंडाळून ठेवलेत!"

"वकील होणार ही," बाबा पुटपुटले. "बरं, वाजवून दाखव. वाद्य असेल तर वाजेल."

अंतराने सरावाची फळी अंथरली आणि आम्हाला पायात चढवलं. मी त्या वेळी फाटलो असतो तर तिचं म्हणणंही फाटलं असतं. मी भेग आवळून धरली. मग असा बोललो, असा बोललो, की बाबांचा हात आपोआप तबल्यावर पडला.

"अगं, हा तर दादरा!"

"इट्स ॲन आयरिश जिग, बाबा."

"असेल. माझ्याकडे दादरा म्हणतात."

सुचित्राने दारात येऊन पडणारा जाहिरातींचा पेपर आणला, त्याचे बोळे करून ओल शोषायला आमच्या पोटात भरले, आणि आम्हाला हीटरपासून लांब, तबल्याच्या पलीकडे ठेवलं. "राहू देत. पण तोंड भिंतीकडे."

शनिवारी भेगेवर काळी चिकटपट्टी लावून मी स्पर्धेत उतरलो. पदक मिळालं नाही. भेग मात्र तसूभरही वाढली नाही. दमलेली अंतरा घरी येऊन सोफ्यावर कोसळली. सुचित्राने तबल्याच्या पलीकडे पाहिलं.

"शूज कुठेत? गाडीत राहिले?" ती घरातल्या सपाता घालूनच बर्फातून धावत गेली आणि आम्हाला छातीशी धरून आत आली. "एवढ्या थंडीत बाहेर ठेवतात का वाद्य?"

तर मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मला पायाच्या मापाने घ्या, नाचून झालं की पुसा, पोटात कोरडा कागद भरा आणि घरात ठेवा. गराजमध्ये मी पुन्हा जाणार नाही. तोंड भिंतीकडे करा, खुशाल करा. मी तळव्याने बोलतो.