रविवारच्या फेरीतली पायली

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे. पायली म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. परवाच एका मुलाने मला फुलदाणी म्हटले. त्याच्या बहिणीने पेन ठेवायचा डबा म्हटले आणि त्यांच्या बाबांनी मोठ्या ऐटीत मला उखळ ठरवून टाकले. मला राग आला, तो कशाला लपवू? मी धान मोजायचे माप आहे आणि एके काळी पवनीच्या बाजारात माझा शब्द शेवटचा मानला जायचा.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका पितळकाम करणाऱ्या कारागिराने मला ठोकून ठोकून आकार दिला. माझा काठ त्याने जरा जाड ठेवला, कारण रोज हजारदा माझ्या काठावरून हात फिरणार, हे त्याला माहीत होते. पवनीच्या भय्याजींचे धानाचे दुकान होते. त्यांनी मला विकत आणले आणि सोमाजी नावाच्या तरुण मापाऱ्याच्या हाती दिले. मापारी म्हणजे धान मोजून देणारा माणूस. तेव्हा सोमाजीला जेमतेम मिसरूड फुटले होते.

सोमाजीचा हात मोठा इमानी होता. तो मला धानाच्या राशीत खुपसायचा, वर काढायचा आणि तळव्याने काठावरचे जास्तीचे धान सपाट करायचा. दाबून भरणे नाही, हलवून कमी करणे नाही. कोंढा गावचे शेतकरी यायचे, ते म्हणायचे की सोमाजी मोजत असेल तर आम्ही तिकडे बसून चहा पितो. अशी स्तुती ऐकली की मी उन्हात अधिकच चमकायचे. गर्वाचे घर खाली असते म्हणतात, पण त्या दिवसांत माझे घर धानाच्या राशीच्या अगदी माथ्यावर होते.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगते. ती नीट ऐका, कारण पुढचा सारा घोळ तिच्यामुळेच झाला. पहिली पायली भरली की सोमाजी ‘एक’ म्हणत नसे. तो म्हणे, ‘लाभ’. पुष्कळ ठिकाणी असे म्हणतात आणि त्यांचा लाभ म्हणजेच एक असतो, पुढे दोन येतात. आमच्या दुकानात मात्र लाभाची पायली पोत्यात न जाता बाजूच्या सुपात पडायची. ते धान तिथे झाडलोट आणि पाखडणी करणाऱ्या बायांचे. ती पायली मोजणीत धरायची नाही. तिच्यानंतर मग एक, दोन, तीन. सोमाजीने चाळीस वर्षे असेच मोजले. सवय इतकी मुरली की तो घरी आंबे मोजायचा तेव्हाही पहिल्या आंब्याला लाभ म्हणून बाजूला ठेवायचा आणि तो आंबा शेजारच्या पोरांना जायचा.

मग वजनकाटा आला. त्यावर लाल आकडे आपोआप उमटायचे. कोणाच्या हाताची गरज उरली नाही. सोमाजी घरी बसला आणि मी दुकानाच्या कोपऱ्यात पडले. कोणी माझ्यात खिळे टाकले, कोणी सुतळीचा गुंडा ठेवला. एकदा तर माझ्यात तीन महिने एका चिमणीचे घरटे होते. खरे सांगू? ती चिमणी होती तोवर मला बरे वाटले. शेवटी सोमाजीने भय्याजींकडून मला मागून घेतले आणि घरच्या माळ्यावर ठेवले. कधीमधी वर चढून तो मला पुसायचा, पण एकदा गुडघे दुखायला लागल्यावर त्याचे वर येणे थांबले.

तिथून मला खाली काढले ते शुभांगीने. ही सोमाजीची नात, त्याला आबाजी म्हणणारी. भंडाऱ्याला इतिहास शिकून ती परत आली आणि तिने दर रविवारी पवनीची पायी फेरी सुरू केली. परकोटाच्या, म्हणजे गावाभोवतीच्या तटाच्या, जुन्या दरवाजापाशी लोकांना जमवायचे, मग जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत मांडलेला संग्रह दाखवायचा. त्यात कोरीव दगड आहेत, मातीचे मणी आहेत, झिजलेली नाणी आहेत. पुढे तळ्याच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा, बगीचा आणि शेवटी वैनगंगेचा घाट. लोक हसले. हे दगड पाहायला कोण येणार, रोजच तर दिसतात, असे शेजारीपाजारी म्हणाले. पिकते तिथे विकत नाही, दुसरे काय!

शुभांगीचा आवाज नाजूक. दहा माणसांच्या पुढे तो पोहोचत नसे. म्हणून तिने मला उपडे धरून लाकडी मोगरीने वाजवून पाहिले. टण्ण! असा काही आवाज निघाला की माझे मलाच नवल वाटले. त्या दिवसापासून मी फेरीची घंटा झाले. मी वाजले की लोकांनी जमायचे, असा नियम ठरला. सोमाजीही गुडघ्याला पट्टा बांधून सोबत यायला लागला. घाटाच्या पायऱ्या निसरड्या, परकोटाचा खंदक खोल. म्हणून प्रत्येक ठिकाणी माणसे मोजायचे काम त्याने आपणहून घेतले. मोगरीने एकेकाकडे बोट दाखवल्यासारखे करत तो मोजायचा, ‘लाभ, एक, दोन...’ आणि शेवटचा आकडा शुभांगीला सांगायचा. तिला वाटायचे, आबाजी मोजण्याआधी देवाचे नाव घ्यावे तसे लाभ म्हणतात. दर वेळी मोजणारा तोच, म्हणून दर वेळी आकडा जुळायचा.

मागच्या हिवाळ्यात एकोडी गावच्या बाया आल्या. धान कापून झाले होते, चुरणे, म्हणजे मळणी, अजून बाकी होते, मधल्या एका रविवारी दोन गाड्या करून त्या निघाल्या. बाहेरगावाहून आलेला हा आमचा पहिलाच मोठा गट. त्यांच्या गटप्रमुख ललिताबाई यांनी फोनवर वीसेक जणी येऊ असे सांगितले होते. शुभांगी दोन रात्री नीट झोपली नाही. ही फेरी चांगली झाली तर साकोलीकडची आणखी गावे येणार होती. बिघडली तर आपल्या बायांना कोणी पुन्हा आमच्याबरोबर पाठवणार नव्हते.

गाडीतून सर्वांत आधी मंदाबाई उतरल्या. सत्तरीच्या, वाळलेल्या, पण डोळे मोठे तरतरीत. सोमाजीने त्यांच्याकडे मोगरी करून लाभ म्हटले आणि पुढे मोजत गेला. वीस झाले. शुभांगीने तळहातावर वीस लिहिले.

मंदाबाईंना दगडांमध्ये फारसा रस नव्हता. संग्रहात त्यांनी मातीच्या एका मडक्याची कड तेवढी निरखून पाहिली आणि हे चांगले भाजलेले नाही म्हणून सांगितले. तळ्यावर मात्र त्या खुलल्या. पाणी कुठून सुटते, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी जाते, पाळीची डागडुजी कोण करते, एकामागून एक प्रश्न. शुभांगीला निम्म्यांची उत्तरे आली नाहीत. मग मंदाबाईंनीच सगळ्यांना पाळीवर उभे करून पाण्याचा उतार समजावून दिला. त्या दिवसाची खरी फेरी तीच, असे मला अजून वाटते.

तिथेच माझ्या हातून चूक घडली. तळ्याकाठी उकडलेले शिंगाडे विकायला होते. बायांनी भरपूर घेतले. ठेवायला काही नव्हते, म्हणून कोणीतरी मला सरळ करून ते माझ्यात ओतले. मित्रांनो, किती वर्षांनी मी भरले होते! काठोकाठ, गरम, वाफाळते. मला राशीवरचे दिवस आठवले आणि मी इतकी हरखले की आपण आता घंटा आहोत, हेच विसरले.

सोमाजीचा गुडघा बगीच्यात आखडला. तो रिक्षाने सरळ दरवाजापाशी जाऊन बसला आणि शुभांगी मला काखेत घेऊन बायांसह घाटावर गेली. निघायची वेळ झाली तेव्हा तिने मला वाजवले. भरलेल्या पायलीतून कसला आवाज निघणार? नुसते ‘ठप्’ झाले. जवळच्या बाया तिच्या हाकेने जमल्या. तिने एकपासून मोजल्या. वीस भरल्या. तळहातावरचा आकडा आणि हा आकडा सारखाच, म्हणून ती निर्धास्त झाली. मंदाबाई खालच्या पायऱ्यांवर एका चौथऱ्याच्या आड पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. मी काखेत होते, मला त्या दिसत होत्या. पण बोलणार कशी? माझे बोलणे म्हणजे वाजणे आणि माझे तोंड तर शिंगाड्यांनी बंद केलेले.

घरी धान चुरायचे होते, म्हणून दरवाजापाशी पोहोचताच बाया लगबगीने गाड्यांत चढल्या. पहिल्या गाडीला वाटले मंदाबाई दुसरीत आहेत, दुसरीला वाटले पहिलीत. गाड्या गेल्या. शुभांगी सोमाजीशेजारी टेकली.

“आबाजी, वीसच्या वीस,” ती म्हणाली. “आज मी सोता मोजल्या.”

सोमाजी हसला. मग त्याने विचारले, “लाभ धरून का लाभ सोडून?”

“म्हंजे? मी त एकपासून मोजल्या.”

सोमाजीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “सकाळचे वीस लाभ सोडून होते, बेटा. बाया एकवीस हायेत.”

शुभांगीने ललिताबाईंना फोन लावला. दोन्ही गाड्या रस्त्यात थांबल्या, आत शोधाशोध झाली. मंदाबाई कुठेच नव्हत्या. शुभांगी तशीच घाटाकडे पळाली. सोमाजीने मला उचलले, शिंगाडे तिथेच मातीत ओतून दिले आणि लंगडत रस्त्याला लागला. चालता चालता तो मला वाजवत होता. एवढ्या जोराने त्याने मला कधीच मारले नव्हते. मला दुखत होते आणि मी आणखी मार म्हणत होते.

तळ्याच्या वळणावर त्याचा फोन वाजला. शुभांगी रडत होती. घाटावर चपला आहेत, एकीचा पट्टा तुटलेला आहे आणि बाई नाहीत, एवढेच तिला सांगता आले. सोमाजी रस्त्यात उभा राहिला. मोगरी धरलेला हात खाली आला. ज्याच्या मापात चाळीस वर्षांत एक मूठ धान कमी पडले नाही, त्याच्या मोजणीतून एक जिवंत माणूस सुटले होते. त्याचे ओठ हलत होते. देवाचे नाव घेत असावा.

मग त्याने पुन्हा मोगरी उचलली. मी वाजले. दुसऱ्या, तिसऱ्या ठोक्याला माझा काठ तडकला. आवाज फाटला, पण दूर गेला असावा, कारण तळ्याच्या पाळीवरून कोणीतरी अनवाणी चालत येत होते. एका हाताने पदर सावरत, अजिबात घाई न करता. मंदाबाई होत्या.

सोमाजी तिथेच दगडावर बसला. मंदाबाईंनीच त्याला समजावले. वर आले तर कोणी नव्हते, गल्ल्या काही लक्षात राहिल्या नव्हत्या, चप्पल तुटलेली. मग तळे तेवढे आठवले. आमच्या गावात चुकलेले माणूस पाळीवर जाऊन बसते, तिथे कोणी ना कोणी येतेच, असे त्या म्हणाल्या.

“तुमची घंटा आयकू आली नाही म्हनून घाटावर बसली. आता आयकू आली, त आली.”

सोमाजीने हात जोडले. “चूक माही हाय, बाई. तुमाले लाभ म्हनलं आन् मोजलंच नाही.” आणि त्याने दुकानाची ती जुनी रीत सांगितली.

मंदाबाई रागावतील असे मला वाटले होते. त्या सोमाजीशेजारच्या दगडावर टेकल्या.

“त्यात का नवल हाय, भाऊ?” त्या म्हणाल्या. “घरी मी सात जनाचे तांदूळ घेते. आठवी मी असते, ते माह्याच ध्यानात रायत नाही. तुमी त परके.”



तोवर शुभांगी धापा टाकत आली आणि मंदाबाईंच्या गळ्यात पडली. तिच्या हातात त्यांच्या चपला होत्या. थोड्या वेळाने दोन्ही गाड्या परतल्या. ललिताबाई आधी खूप बोलल्या, मग रडल्या. शुभांगी खाली मान घालून ऐकत राहिली आणि तुमचे गाव पुन्हा येणार नाही हे मला समजते, असे म्हणाली. सगळ्या बाया गाडीपाशी उभ्या राहिल्या आणि निघण्याआधी मोजून घ्या, असे कोणीतरी म्हटले. सोमाजीकडे सगळ्यांचे डोळे गेले. त्याची मोगरी उचलायची हिंमत होईना.

“मी मोजते,” मंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी आपल्याच छातीवर हात ठेवला. क्षणभर तसाच ठेवला, जणू पहिल्यांदाच तिथे कोणी आहे हे तपासत होत्या. मग म्हणाल्या, “एक.” आणि पुढच्या बाईच्या खांद्याला हात लावला, “दोन.” एकवीसपर्यंत मोजून त्या शुभांगीकडे वळल्या आणि पुढच्या खेपेला सुनेला आणते, म्हणून सांगून गाडीत चढल्या.

मित्रांनो, माझा काठ आता तडकलेला आहे आणि आवाज घोगरा झाला आहे, तरी दर रविवारी मी फेरीला असते. पवनीला आलात तर मला हातात घेऊन पाहा, वाजवून पाहा. फक्त माझ्यात काही ठेवू नका, एवढी विनंती आहे. भरून मिरवायची माझी हौस फिटली. रिकामी राहिले तरच मी कोणाला हाक मारू शकते. आणि तुमच्या घरी आज रात्री जेवायला किती जण आहेत हे कोणी मोजत असेल, तर जरा जवळ जाऊन ऐका. मोजणारीने स्वतःला धरले नसेल, तर तिचा आकडा तुम्ही सांगा.