निळी की करडी?

मी जिथे उभी आहे तिथे माझ्यासारख्या पुष्कळजणी आहेत. कुणाचा दिवा फुटला आहे, कुणाचे दार दोरीने बांधले आहे, आणि आम्हा सगळ्यांच्या काचेवर विक्रीची चिठ्ठी डकवलेली आहे. मित्रांनो, मी सातजणांना घेऊन जाणारी, एके काळी लालचुटूक असलेली घरगुती गाडी. माझी गोष्ट फार मोठी नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. आठवते ती शोरूमची गुळगुळीत फरशी आणि मला न्यायला आलेले आजोबा. तेव्हा ते आजोबा नव्हते, बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानाचे तरुण मालक होते. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, बायकोला आणि मेहुणीला मागच्या सीटवर बसवले आणि दार लावून घेतले. दोघी बहिणी कशावरून कोण जाणे, अशा खिदळायला लागल्या की माझ्या काचा थरथरल्या.

"हीच घेऊ," आजोबा म्हणाले. "या दोघी हिच्यात हसतात."

झाले, ठरले! मी घरी आले आणि त्या घरचीच झाले. मी शाळेत गेले, लग्नांना गेले, दवाखान्यात गेले. शेजारी म्हणायचे, "गाडी असावी तर अशी!" आणि मी मनातल्या मनात फुलून जायचे. धाकट्या बहिणीचे सासर घाटापलीकडे होते. सुट्टी लागली की मी घाट ओलांडून तिला आणायची. तिला सगळे चिमी म्हणत. परतीच्या वाटेवर दोघी बहिणी मागे बसून घाट संपेपर्यंत बोलायच्या आणि घाट संपला तरी बोलायच्या.

मग आजोबा गेले. दुकान मुलाकडे आले. तोही बापासारखाच चष्मेवाला झाला, पण स्वभावाने बापाच्या उलट. बाप एका फेरीत ठरवायचा, मुलगा ठरवता ठरवता थकायचा नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे तो एक काच धरायचा, मग दुसरी, आणि विचारायचा, "आता बरं दिसतं, की आधी बरं होतं?" गिऱ्हाईक कंटाळले तरी त्याला घाई नसायची. चुकीचा नंबर त्याच्या दुकानातून कधी बाहेर पडला नाही. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

आजीचे गुडघे दुखू लागले तसा माझा वाईट काळ सुरू झाला. माझी सीट ठेंगणी. एकदा दवाखान्याच्या फाटकापाशी तिला उतरवताना मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा नुसता गोंधळ घातला. घाईघाईत तिचा गुडघा अडकला आणि ती अर्धी आत, अर्धी बाहेर अशी कळवळत राहिली. चष्मेवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. घरी आल्यावर त्याने सांगून टाकले, "आईला आता हिच्यातून लांब न्यायचं नाही. त्यात ही घाटात बंद पडली तर? नवी गाडी घेऊ, आईला नीट बसता येईल अशी. मग आधी मावशीकडे जाऊ."

त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. तो दुकानात असायचा तेव्हा, रोज संध्याकाळी, आजी माझ्यात येऊन बसायची. चिमीला कमी ऐकू यायचे, त्यामुळे फोनवर ओरडून बोलावे लागे, आणि घरात नातीचा अभ्यास चाललेला असे. आजी दाराला धरून सावकाश टेकायची, एकेक पाय आत घ्यायची. घाई नसली की तिचे गुडघे शहाण्यासारखे वागायचे.

"काय गं चिमे, जेवलीस का?"

"ते राहू दे ताई. तू कधी येतेस?"

"गाडी ठरली की निघालेच बघ."

"अजून ठरतेच आहे? तुझा लेक गाडी बघतोय की मुलीसाठी स्थळं बघतोय?"

दोघी हसायच्या. फोन ठेवल्यावर आजी बराच वेळ तशीच बसून राहायची.

स्थळे बघणेच चालले होते म्हणा ना! एका कंपनीची करडी गाडी होती, दुसरीची निळी. दोन्ही मोठ्या कुटुंबासाठी बनवलेल्या, आणि दोन्ही शोरूम एकाच रस्त्यावर, समोरासमोर. तिथवर सगळ्यांना न्यायचे काम माझेच. मी बाहेर उन्हात उभी राहून काचेतून पाहायची. चष्मेवाला आईला करडीत बसवायचा, उतरवायचा, रस्ता ओलांडून निळीत बसवायचा, उतरवायचा, आणि पुन्हा करडीकडे आणायचा.

"आई, आता बरं वाटलं, की त्या गाडीत बरं होतं?"

"दोन्ही छान आहेत रे."

"असं नाही. नीट आठवून सांग."

करडीची सीट नेमक्या उंचीची, पण दार जड. निळीचे दार एका बोटाने सरकायचे, पण आत चढायला पाऊल उंच टाकावे लागे. करडीत मागे बसून नातीला मळमळले. निळीत सूनबाईचे डोके छताला लागले. निळीचा विक्रेता फार गोडबोल्या. म्हणाला, "आजी, एकदा बसलात की उठावंसंच वाटणार नाही!"

"उठता यावं म्हणूनच तर आलोय बाबा," आजी म्हणाली, आणि तो बिचारा ओशाळून हसला.

अशा किती फेऱ्या झाल्या ते मी मोजले नाही. ठरत आले की काहीतरी नवे निघायचे. कुणीतरी सांगितले, हीच निळी आता पायरी लावून लवकरच नव्याने येणार आहे. चष्मेवाला म्हणाला, "मग तीच बघून घेऊ. इतके दिवस थांबलो, आता चुकायला नको."

इकडे चिमीचा फोनवरचा आवाज बारीक होत चालला होता. आधी ती ओरडून बोलायची, मग साधे बोलू लागली, मग तिची मुलगीच फोन घेऊ लागली. "आई झोपलीय, मावशी. तू येतेस ना?" आजी म्हणायची, "येते गं, येतेच." अशा संध्याकाळी माझ्यातून उतरताना तिचे डोळे भरलेले असायचे. पण घरात पाऊल टाकण्याआधी ती पदराने तोंड पुसायची. मुलगा आपल्याच गुडघ्यांसाठी एवढा खपतो आहे, त्याला घाई कशी करायची, असे तिला वाटत असावे.

सूनबाई दवाखान्यात नर्स. एकदा फोन तिने घेतला तेव्हा चिमीचा आवाज तिच्या कानी पडला, आणि असला आवाज तिने दवाखान्यात पुष्कळदा ऐकला होता. एके दिवशी माझ्या दाराशी उभी राहून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, गाडीचं राहू द्या. मावशींना आधी भेटून या. हिच्यातूनच न्या आईंना."

"हिच्यातून? एवढा घाट? वाटेत काही झालं तर आईला घेऊन कुठे बसू?"

"मी मागे बसते त्यांच्याजवळ."

"या आठवड्यात ठरतंय गं. बस, निळीच घेऊ. पायरी आहे, दार हलकं आहे. आता फक्त ताब्यात यायची वाट."

निळी ठरली. तिची वाट पाहत असतानाच सकाळी फोन आला. चिमी गेली होती.

दारात मीच होते. आजी माझ्यात बसली. तिचा गुडघा कटकन वाजलेला मला ऐकू आला, तिच्या तोंडून मात्र हूं की चूं नाही. सूनबाई तिच्याजवळ बसली. चष्मेवाल्याने किल्ली फिरवली आणि मी एका दमात सुरू झाले.

मित्रांनो, त्या दिवशी मला एकच वाटत होते. आपण कुठेतरी अडावे. चढावर धाप लागावी, पाणी उकळावे, काहीतरी व्हावे. म्हणजे या लेकाला म्हणता येईल, माझे बरोबर होते, ही गाडी जाण्यासारखी नव्हतीच. पण माझे अंग माझे ऐकेना. तो घाट मी तरण्या पोरीसारखी चढले. वळणे मला पाठ होती. एकदाही न थांबता मी आजीला तिच्या बहिणीच्या दारात नेऊन उभे केले.

तिथे सगळे तिचीच वाट पाहत होते. बहिणीचा चेहरा तिला पाहायला मिळाला. चिमीची मुलगी तिच्या गळ्यात पडून रडत म्हणाली, "मावशी, बाहेर कुठल्याही गाडीचा आवाज आला की ती दाराकडे बघायची गं!"

चष्मेवाला माझ्या बॉनेटला टेकून उभा होता. त्याने ते ऐकले. त्याचा हात माझ्या गरम पत्र्यावर होता, तो त्याने उचललाच नाही. बऱ्याच वेळाने आजी त्याच्यापाशी आली.

"कुठेच अडली नाही गं आई ही गाडी," तो म्हणाला.

"हो रे," आजी म्हणाली. तिने त्याला जवळ घेतले, आणि तो एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडला. मला खूप वाईट वाटले, बहिणींसाठी आणि त्याच्यासाठीही. प्रेमात तो कुठेच कमी पडला नव्हता.

काही दिवसांनी निळी आली. पायरी अगदी बेताची, दार एका बोटाने सरकणारे. आजी कुणाचाही हात न धरता आत जाऊन बसली. मी कोपऱ्यातून पाहत होते.

"आई, कुठे जायचं सांग," लेक म्हणाला. "तू म्हणशील तिथे नेतो."

आजीने नव्या सीटवरून हात फिरवला. "छान घेतलीस हो," ती म्हणाली. "पण आता मला कुठे जायचंय रे?"

त्यानंतर मला इथे आणून सोडले. माझी तक्रार नाही. गाडीचे वय झाले की असे व्हायचेच, आणि ती निळीही गुणाची आहे. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी दुसऱ्या कुणाला भेटायला जायचे म्हणत असेल, तर ती भेट चांगल्या गाडीसाठी, चांगल्या दिवसासाठी राखून ठेवू नका. दारात जी असेल तिला पुसा, तिचे पाणी बघा, हवा बघा आणि निघा. मला आधी कधीही नेले असते, तरी मी त्या दिवशी गेले तशीच गेले असते.